तबेल्यातला बाक कचेरीत

मी एक बाक आहे. लिंडनच्या लाकडाचा, चार पायांचा. उंच माणूस पालथा निजला तरी त्याचे पाय बाहेर जात नाहीत, इतका लांब. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. माझ्यावर जी माणसं निजली आणि बसली, त्यांच्याकडून मला जे कळलं तेवढंच सांगतो.

रशियातल्या त्स्ना नदीच्या काठी ओल्खोवका हे आमचं गाव. गाव मालकाचं होतं. जमीन त्याची, गुरं त्याची, माणसं त्याची, मीही त्याचाच. प्रोक्ल सुताराने मला हवेलीवरच्या नोकरांच्या न्हाणघरासाठी केलं. न्हाणघराला लिंडनच लागतं. ते वाफेने तापत नाही आणि त्याला चीक सुटत नाही. उघड्या अंगात सल शिरू नये म्हणून प्रोक्लने फुटक्या काचेने मला दोन दिवस घासलं.

शनिवारी तापलेल्या दगडांवर पाणी पडायचं, खोली वाफेने भरायची, आणि माणसं माझ्यावर पालथी पडून अंग मोकळं व्हायला बर्च झाडाच्या पाल्याने पाठ झोडून घ्यायची. "अजून जोरात, अजून!" असं ओरडायची. एका हिवाळ्यात गुरं सांभाळणाऱ्या बाईला माझ्यावरच मुलगी झाली. ते दिवस चांगले होते, असं कुणी म्हणेल. मी काही म्हणत नाही.

मग तबेल्यातला शिक्षेचा जुना बाक मोडला. कारभारी म्हणाला, "न्हाणघरातला आणा. गुळगुळीत आहे. आपल्या माणसांना सल लागायला नको." यावर तो स्वतःच हसला. मला घोड्यांच्या शेजारी नेऊन ठेवलं. न्हाणघरातही बर्च होता, इथेही बर्चच होता. तिथे पाल्यासकट, इथे पाला ओरबाडून काढलेल्या ओल्या फोका.

मारायचं काम फिलात कोचमनकडे होतं. तो वाईट माणूस नव्हता. सांगितलेलं काम करायचा, तेही घोड्यांना चारा घातल्यावर. माझ्यावर निजलेल्यांपैकी कुणी देवाचं नाव घेई, कुणी फिलातच्या आईचं. उठल्यावर मात्र सगळ्यांना एकच गोष्ट करावी लागे. सदरा चढवायचा, कारभाऱ्यापुढे कमरेत वाकायचं आणि म्हणायचं, "शिकवण दिलीत, उपकार झाले, मालक." जो म्हणत नसे, त्याला पुन्हा निजवत.

सुरुवातीला मला काही वाटत असावं. पुढे वाटेनासं झालं. लाकूड वाळत जातं, तसं.

येव्सेइ लुकिचला मी पहिल्यांदा तेव्हाच पाहिलं. तुर्कांशी लढाई पेटली होती आणि प्रत्येक मालकाला फौजेसाठी माणसं द्यायची होती. आमच्या मालकाने येव्सेइचा धाकटा भाऊ लारिओन दिला. फौजेत गेलेला परत येईल असं कुणी धरून चालत नसे. घरचे त्याच्यासाठी आधीच रडून घेत. गाडी निघाली तेव्हा येव्सेइ रस्त्यात आडवा झाला आणि त्याने घोड्याचा लगाम धरला. तिथून त्याला थेट माझ्याकडे आणलं.

"मालकाच्या हुकमाला आडवा येतोस?" कारभारी म्हणाला.

"आमचं घर मोडू नका, एवढंच म्हणालो."

"तुझं घर? घर मालकाचं, तू मालकाचा. तुझं काय आहे ते दाखव मला."

फटके पडत असताना येव्सेइने तोंडातून आवाज काढला नाही. उठला, सदरा घातला आणि ताठ उभा राहिला. वाकला नाही.

फिलात पुटपुटला, "म्हणून टाक की रे. शब्दाला काय लागतं?"

तो म्हणाला नाही. त्याला पुन्हा निजवलं. दुसऱ्यांदा उठल्यावर त्याने ते शब्द म्हटले. नंतर पायताणाच्या दोऱ्या बांधायला तो माझ्यापाशी खाली बसला. लिंडनच्या सालीची पायताणं, म्हणजे माझीच जात. दोऱ्या बांधताना तो स्वतःशी बोलला, "एकदा घर माझं होऊ दे. मग कुणाला मोडू देणार नाही."

लारिओन परत आला नाही.

काही वर्षांनी, ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या दिवसांत, चर्चमध्ये झारचं फर्मान वाचून दाखवलं. मी तिथे नव्हतो. तबेल्यात जे बोलणं झालं ते ऐकलं.

"म्हणजे आपण सुटलो?"

"सुटलो. पण दोन वर्षं जुनंच चालायचं."

"म्हणजे सुटलो नाही."

"कागदावर सुटलो."

"आणि जमीन?"

"मिळणार. विकत घ्यायची."

"आपण नांगरतो तीच?"

"तीच."

फिलात म्हणाला, "जपून राहा. उद्या सासरे म्हणतील, बायको पुन्हा विकत घ्या."

सगळे हसले.  फर्मानात अजून काहीतरी असणार, पाद्र्याने ते गाळलं असणार, असं त्यांना वाटत होतं. खरं फर्मान मागून येतंय असं समजून ते बरेच दिवस वाट पाहत राहिले. आली ती जमीन मोजणारी माणसं. नदीकाठचं गवताचं रान मालकाकडे गेलं, जंगल मालकाकडे गेलं. उरलं ते गावाचं झालं आणि त्याचे हप्ते सुरू झाले.

मालक घोडे विकून शहरात निघून गेला. तबेला ओस पडला. गावकरी उपयोगाच्या वस्तू न्यायला आले. येव्सेइ कुऱ्हाड घेऊन आला होता. आता तो गावचा मोठा माणूस होता, सभेत त्याच्या शब्दाला मान होता.

"बाजूला व्हा, ह्याचे तुकडे करतो," तो म्हणाला.

त्याचा शेजारी मोकेइ मला खालून-वरून चाचपत होता. "लाकूड बघ आधी. पन्नास वर्षं हलायचं नाही."

"मला लाकूड नको दाखवू."

"फोड बाबा, फोड. सगळ्या गावांची मिळून नवी कचेरी झालीय, तिथे बसायला काय आहे? जमीन? आणि नवा बाक कशाचा करशील? जंगल आता कुणाचं आहे?"

जंगल मालकाचं होतं. एक फांदी तोडली तरी गुन्हा होता. येव्सेइने कुऱ्हाड खाली केली.

"न्या," तो म्हणाला. "पण बसायला. नुसतं बसायला."

मला गाडीवर घालून कचेरीत आणलं आणि भिंतीला लावून ठेवलं. भिंतीवर झारची तसबीर होती. माणसं माझ्यावर बसू लागली. सूर्यफुलाच्या बिया सोलायची, टरफलं खाली टाकायची, गाईगुरांचं बोलायची. तरणी माणसं सहज बसत. म्हातारा देमिद कधीच बसला नाही. कुणी आग्रह केला की म्हणायचा, "आमची जुनी ओळख आहे. मी उभाच बरा." येव्सेइही बसत नसे. तो दारापाशी उभा राही.

मग शेतकऱ्यांचं स्वतःचं न्यायालय सुरू झालं. तीन पंच, तिघेही गावचे. साव्वाती, मोकेइ आणि येव्सेइ लुकिच. न्यायालयापुढे आलेले लोक पंचांना व्होडका पाजत, ही आमच्याकडची रीत. येव्सेइ पीत नसे, म्हणून लोकांचा त्याच्यावर विश्वास होता.

पहिला खटला अनिकेइचा. त्याने शेजाऱ्याच्या घोड्याचं जू विकून दारू प्यायली होती. लेखनिकाने कायदा वाचला. दंड, कोठडी, नाहीतर फटके.

"कोठडीत टाकला तर त्याची कापणी कोण करणार? मी?" साव्वाती म्हणाला.

"मग दंड करा," मोकेइ म्हणाला.

येव्सेइने मान हलवली. "दंड अनिकेइ भरणार नाही. त्याची बायको गाय विकून भरेल. दूध त्याच्या पोरांचं जाईल. चूक एकाची, उपाशी सगळं घर."

हे खरं होतं. तिथे बसलेल्या प्रत्येकाला ते खरं वाटलं. म्हणजे फटके उरले. ते पाठीवरचे, आणि पाठ एकट्याची. दुसऱ्या दिवशी माणूस नांगराला लागतो.

फिलात आता कचेरीचा पहारेकरी होता. हात तोच होता, पगार दुसरीकडून येत होता. तो म्हणाला, "बाक इथंच आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बसलेले उठले. 

"आपलीच माणसं, आपलाच न्याय," येव्सेइ शेवटी म्हणाला. "मालकाचा नाही." आणि त्याने मान हलवून परवानगी दिली.

अनिकेइ उठला, सदरा चढवला आणि कुणी न सांगता कमरेत वाकला. "शिकवण दिलीत, उपकार झाले." त्याला ती सवय होती. त्याला कुणी थांबवलं नाही. त्यानंतर जो कुणी माझ्यावरून उठला, तो वाकला. नियम कुणी केला नव्हता.

येव्सेइचं घर गावात सगळ्यांत मोठं होतं. तीन मुलगे, सुना, नातवंडं, सगळे एका छपराखाली, एका भट्टीभोवती, एका पातेल्यात चमचे बुडवणारे. दोन चांगले घोडे होते. लोक म्हणायचे, घर बघावं तर लुकिचचं. थोरला मुलगा गोर्देइ हिवाळ्यात रेल्वेच्या कामावर जायचा. तिथून शहरी बूट घालून आला, मग पेटी वाजवायला शिकून आला, मग वेगळ्या घराची गोष्ट घेऊन आला. येव्सेइने नाही म्हटलं. गोर्देइने पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. त्या वर्षी गोर्देइने मजुरीचे पैसे बापाच्या हातात दिले नाहीत. येव्सेइने कचेरीत तक्रार घातली. कायद्याने बापाला तसा हक्क होता.

त्या दिवशी कचेरी भरली होती. बायका दारात उभ्या होत्या. येव्सेइ पंचाच्या जागेवरून उठला आणि टोपी काढून टेबलासमोर फिर्यादी म्हणून उभा राहिला.

साव्वाती म्हणाला, "येव्सेइ लुकिच, घरचं घरात मिटव. दोन थोबाडीत दे पोराला नि सोड."

"दिल्या असत्या. तो आता माझ्यापेक्षा उंच आहे."

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"गोर्देइ, तुला कमी काय आहे रे?" मोकेइने विचारलं. "पोटभर खातोस. बूट तर माझ्या बापाने कधी पाहिले नव्हते असे."

"बूट माझे आहेत, काका. बाकी काही माझं नाही. हिवाळाभर रुळांवर मी राबतो, पैसा बाबांच्या पेटीत जातो. बायकोला ओढणी घ्यायची तरी हात पसरायचा. आमच्या दोघांचं अंथरूण मधल्या भावाच्या पोरांच्या पायांशी. मला तोडून दुसरीकडे न्यायचं नाही काही. शेजारीच एक झोपडं द्या."

"दोन घोडे आहेत," येव्सेइ म्हणाला. "एक तुला दिला, तर एक इथे उरतो. तुझा मेला, तू भिकेला लागशील. माझा मेला, मी लागेन. एकत्र आहोत म्हणून हप्ते फिटतात. जी घरं वेगळी झाली त्यांच्याकडे बघ. भाकरीत कोंडा घालून खातात."

यातही खोटं काही नव्हतं. दोघंही खरं बोलत होते, म्हणून पंचांना घाम फुटला.

"हे बघ," साव्वाती म्हणाला, "बापाच्या पायाशी वाक. माफी माग. उठ नि घरी जा. आम्हालाही जेवायचंय."

"वाकतो. घर देतील?"

"नाही," येव्सेइ म्हणाला.

"मग कशाला वाकू?"

दारातून गोर्देइची बायको उस्तिन्या पुढे आली. "मामंजी, मला मारा. घर मी मागितलं. हा नुसता माझं बोलणं तुमच्यापर्यंत पोचवतो."

"बायकांना मारायची कायद्यात सोय नाही, सूनबाई," मोकेइ म्हणाला.

"हो, ऐकलंय. झारने उपकार केले. आता आम्ही फक्त घरी मार खायचा."

बायका हसल्या. मोकेइचे कान लाल झाले, कारण त्याच्या घरची गोष्ट गावाला ठाऊक होती.

गोर्देइ बापाकडे वळला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "बाबा, ऐका. तक्रार मागे घ्या. यंदा मी घर मागणार नाही. पैसे आणून देतो. पुढच्या कापणीनंतर आपण दोघं बसून बोलू. पण मला ह्या बाकावर निजवलंत तर मी आज संध्याकाळीच जातो. मग एक मुलगा कमी झाला असं समजा."

बिया सोलणारे हात थांबले.

"चांगला सौदा आहे, लुकिच," साव्वाती हलक्याने म्हणाला. "घे मागे."

"बापाला धमकी देतो."

"पोरगं आहे. घे मागे."

"आज हा धमकी देऊन सुटला, तर उद्या मधला देईल, परवा धाकटा. मग घर कुठे राहिलं?"

येव्सेइने माझ्याकडे पाहिलं. मला त्या वेळी काय वाटलं असं कुणी विचारील. काही वाटलं नाही. मी भिंतीशी होतो, माणसं माझ्यावरून उठली होती, एवढंच.

"कायदा आहे," तो म्हणाला. "चालू द्या."

गोर्देइने बूट स्वतःच काढले, एकाला एक लावून ठेवले आणि निजला. त्याने देवाचं नाव घेतलं नाही, फिलातच्या आईचंही नाही. फिलातचे फटके हलके पडत होते. माझ्यापर्यंत पोचत नव्हते, म्हणून मला ते कळलं. येव्सेइलाही कळलं. त्याला ते अंगावरून माहीत होतं.

"फिलात, नीट."

"हात म्हातारा झालाय, लुकिच."

"नीट."

मग नीट पडले.

गोर्देइ उठला. सदरा घालताना त्याला वेळ लागला. कुणी मदतीला आलं नाही. उस्तिन्या निघाली होती, त्याने हातानेच थांबवलं. पंचांच्या टेबलापुढे तो कमरेत वाकला. "शिकवण दिलीत, उपकार झाले." मग बापासमोर गेला आणि आणखी खाली वाकला, बोटं जमिनीला लागेपर्यंत. असं हवेलीच्या दिवसांत वाकत असत.

"उपकार झाले, मालक," तो म्हणाला.

 हातातली टोपी येव्सेइने उलटी करून पाहिली, जणू तिच्यात काही पडलं होतं.

गोर्देइने माझ्यावर बसूनच बूट घातले. तो आणि उस्तिन्या बाहेर पडली. खिडकीतून रस्ता दिसत होता आणि ती दोघं घराकडे वळली नाहीत.  मग येव्सेइ लेखनिकाला म्हणाला, "त्याचा गावाबाहेर राहायचा परवाना लिहा. माझा अंगठा घ्या. परवान्याशिवाय रस्त्यात धरतील त्याला."

लेखनिक कागद घेऊन त्यांच्यामागे धावला. तो कागद मिळाला एवढं मला माहीत आहे, कारण लेखनिक परत येऊन धापा टाकत माझ्यावर बसला.

पुढचा खटला बदकांचा होता. एकीची बदकं दुसरीच्या कोबीत शिरली होती. येव्सेइ टेबलामागे आपल्या जागी जाऊन बसला. त्याने दोघींचं ऐकून घेतलं आणि कुंपण कुणी घालायचं ते सांगितलं. निकाल बरोबर होता.

गोर्देइ आला नाही. सारातोवच्या बंदरावर कुणी त्याला पाहिलं होतं, कुणी म्हणालं तो नव्हेच. येव्सेइने कधी विचारलं नाही. त्याची मुदत संपेपर्यंत तो पंच राहिला आणि माझ्यावर माणसं निजत राहिली. तो फार थकल्यावर मधल्या आणि धाकट्याने वाटणी मागितली. तेव्हा त्याने हरकत घेतली नाही, तक्रार घातली नाही. ओंडक्यांचं ते मोठं घर मुलांनी करवतीने कापून त्याचे ओंडके गावाच्या दोन टोकांना नेले. म्हातारा धाकट्याच्या घरी भट्टीवरच्या उबदार ओट्यावर निजायचा आणि हिवाळ्यात तिथेच गेला. ही बातमी मला बिया सोलणाऱ्यांकडून कळली. सांगणारा पुढच्याच वाक्यात घोड्यांच्या भावावर गेला.

मग झारला वारस झाला. त्या आनंदात शेतकऱ्यांना फटके मारणं बंद केल्याचं फर्मान आलं. एक मूल जन्मलं म्हणून पाठी सुटल्या. नवा पहारेकरी फोकांची जुडी बाहेर घेऊन गेला आणि भट्टी पेटवायला वापरली. मी आहे तिथेच राहिलो. लोक आता मला नुसता बाक म्हणतात, आधी शिक्षेचा बाक म्हणत ते तरण्यांना माहीत नाही. लाकूड अजून चांगलं आहे. मधोमध थोडा खड्डा पडलाय, तिथे काळपट दिसतं. एक पाय आखूड झालाय, त्याखाली पुठ्ठा आहे.

अलीकडे पुन्हा नवा कायदा आलाय. गावाच्या सामायिक जमिनीतून ज्याला आपला तुकडा वेगळा काढायचा असेल त्याने काढावा. तसे अर्ज घेऊन माणसं येतात. कुणाच्या अंगाला कुणी हात लावत नाही. शाई असते, शिक्का असतो.

आज सकाळपासून एक बाप आणि त्याचा मुलगा इथे बसलेत. बाप या टोकाला, मुलगा त्या टोकाला. मधला खड्डा रिकामा आहे. बापाने फडक्यातली काळी भाकरी काढली, अर्धी मोडली, अर्धी मांडीवर ठेवली आणि तशीच राहू दिली. मुलगा खिडकीकडे बघतोय. दोघांचीही बाजू खरी असणार. मी इतक्या जणांचं ऐकलंय की मला ते ऐकण्याआधीच कळतं.

माझं काही मागणं नाही. मला ठेवा किंवा जाळा, मला फरक पडत नाही. एवढंच सांगतो. लेखनिक आत चहा पितोय. त्यांचं नाव पुकारायला अजून थोडा वेळ आहे. मी लाकूड आहे, मला मध्ये पडता येत नाही. तुमच्यापैकी कुणी जवळ असेल तर त्या दोघांना सांगा, काय बोलायचं ते आत जायच्या आधी इथेच बोलून घ्या.